माझी पेटी, काकांची पेटी

पेटीवरून काकांशी माझं काय वाजलं, ऐका. गिटारवर ब्लूज शिकताना बोटांचे ठरावीक चौकोन पाठ करतात. त्यांना बॉक्स म्हणतात. मी पेटी म्हणते.

गिटार म्हणजे वाया गेलेल्या पोरांचं काम, हे आमच्या मोठ्या काकांचं ठाम मत. त्यांचा फोन आला, "काय करून राह्यली?"

म्हटलं, "पहिली पेटी पाठ झाली, दुसरी चालू आहे."

"अरे वा! मंग गावच्या हरिनाम सप्ताहात ये वाजवायला!"

मला वाटलं, काका बदलले. गिटार घेऊन वडीगोद्रीला पोचले, तर मंडपात माझ्यासाठी हार्मोनियम मांडलेली.

"हे काय आन्लं?" काका ओरडले. "पेटी येत न्हाई तुला?"

"येते की. गिटारवरची."

सगळे टाळकरी हसले. काका म्हणाले, "जल्दी ठेव ते गाडीत. इज्जत घालवली."

मी तिथंच बसून वाजवायला लागले. ब्लूजमध्ये एक सूर मुद्दाम खुपणारा असतो. तो लागताच काका म्हणाले, "चुकली! बंद कर."

"चुकले न्हाई काका, हा असाच असतो."

"आमच्या कानाला खुपतो ना!"

"बराबर. म्हणजे नीट लागला," म्हटलं, आणि तोच सूर पुन्हा लावला, जरा जोरात.