लोकर म्हणून घेतली ती

मी म्हसावदनी, दिली नंदुरबारच्या बाजूला एका खेड्यात, गावाचं नाव नका लिहू ताई, दीर अजून तिथंच राहतो. बाप शेतकरी, पाच पोरी, मी तिसरी. शाळेत काही डोक्यात शिरलं नही, पण मावशीनं सुया हातात दिल्या, सुलट टाका उलट टाका, ते बघून बघून आलं. आता कोणाचं बाळंतपण निघालं की टोपी-स्वेटर मन्हाकडेच येतं.

लोक येतात, गुंडे टाकतात पुढ्यात, म्हणतात मावशी, ही लोकर घ्या, एवढ्याचं करून द्या. आपल्याकडे सगळ्यालेच लोकर म्हणतात, मेंढीची बी लोकर आन् कारखान्यातली बी लोकर. त्या एका शब्दानं मन्हा हात खाल्ला, काय सांगू तुम्हाला.

लग्नाला दोन वर्षं झाली व्हती. मिरचीचे देठ खुडायला जायचे थंडीत, त्यातून पहिल्यांदा स्वतःसाठी हिरवी लोकर आणली. दुकानदार म्हणे असली लोकर शे बाई, मेंढीनी. पंधरा दिवसांत विणलं, पूर्ण बाह्यांचं स्वेटर. नवरा पिणारा. सकाळी चुलीपुढे भाकरी टाकत बसले व्हते, त्यानं विचारलं हे कोठून आणलं, मी म्हटलं मन्हा कष्टाचं शे. एवढंच बोलले. त्यानं चुलीतलं जळतं लाकूड ओढलं आन् मन्हा डाव्या हातावर दाबून धरलं. सुती असतं तर झटकून फेकलं असतं. हे वितळलं ताई. गुळाच्या पाकासारखं कातडीवर बसलं, ओढायला गेले तर या हाताच्या बोटांनाबी चिकटलं. दवाखान्यात स्वेटर काढलं तर कातडी त्याच्याबरोबर निघाली. हे बघा, हिरवा रंग अजून आत शे. बाया विचारतात, मावशी गोंदेल शे का? मी म्हणते हो, नवऱ्याचं नाव शे.

माय भेटायला आली, रडली, आन् जखम भरायच्या आत मला परत धाडलं. म्हणे दिल्या घरीच रहानं पडस बेटा. नवऱ्यापेक्षा मायचा राग जास्त आला मला, आजबी येतो. नवरा पुढं पिऊन पिऊन मेला. मी रडले नही, लोकांसाठी पदर लावला डोळ्याला.

हात जळला त्याच साली शेतात ठेलारी धनगरांच्या मेंढ्या बसल्या व्हत्या, खतासाठी बसवतात ना आपल्याकडे. त्यांच्यातली एक म्हातारी मन्हा हात बघून म्हणे, मेंढीनी लोकर अशी चिकटत नही बाई, तुले कोनी फसाडं. तिनं मेंढीच्या लोकरीची बट चुलीत धरली, चुरचुरली, केस जळाल्याचा वास आला, विझली, चिमटीत राख झाली. मन्हा स्वेटरचा उरलेला धागा धरला तर त्याचा टणक काळा मणी झाला. तेव्हापासून धागा कोणाचाबी असो, मी काडी ओढून बघते. बाळाच्या अंगाला सूतच घालते, खरी लोकर टोचते त्याला. सूतबी जळतं, कागदासारखं भुरकन जळतं, पण चिकटत नही.

गेल्या वर्षी मन्ही एकुलती एक पोर पहिल्या बाळंतपणाला आली, सातवा लागला व्हता. जवाई नोकरीवाला, गोड बोलणारा. त्यानं गुलाबी लोकर धाडली व्हती, मऊ, लोण्यासारखी. मी म्हटलं बघू दे, आन् तिच्यासमोर काडी ओढली. ओढली मात्र, पोर मागं भिंतीवर आदळली, दोन्ही हात तोंडावर, एवढं पोट घेऊन खाली बसली. मन्हा बोटापर्यंत काडी जळत आली तरी कळलं नही. म्हटलं, मारस का तो तुले? म्हणे नही माय. मग म्हणे, मारत नही, काडी पेटाडीसन डोयासमोर धरस, म्हने बोलनी ते लाई दिसू, पेटाडी दिसू तुले. डाव्या भुवईचे केस आखूड व्हते तिचे. मी ते पार्लरचं काम समजले व्हते.

नात झाली. सव्वा महिन्यानं जवाई न्यायला आला. पोर म्हणे मी येत नही. बाळ तिच्या मांडीवर, आन् त्यानं मन्हा देखत तिचे केस धरून ओढलं. मी टोपी विणत बसले व्हते. हातातली स्टीलची सुई त्याच्या त्याच हातात घातली, हाडाला लागली तोपर्यंत घातली. बोंबलला, सगळं ओसरीवर रगत. मी म्हटलं अजून एक सुई शे मन्हाकडे. पोलीस पाटील आले, भाऊबंद आले, म्हणायला लागले पोरीनी जात शे, दिल्या घरी. मी बाही वर केली, म्हटलं आधी हे वाचा. मन्ही मायनी मला धाडलं, मी हिले धाडणार नही. जवाईच्या वकिलाची नोटीस आली शे, येऊ दे. मी काही देवमाणूस नही ताई, त्या सुईचं मला वाईट वाटत नही.

त्या गुलाबी गुंड्याचं मी शेळीला दावं वळलं. मजबूत शे मेलं, तुटत नही. पोरगी आता क्रोशाचं शिकली, मन्हापेक्षा तिचा हात बारीक शे. नात सुताच्या टोपीत हुंदडते. चहा घ्या, तुमच्या लेकीबाळी सुखात राहोत. घरातलं सगळं पोरगीच करते, चूल मात्र अजून मीच पेटवते. आधी सांगते, बेटा, काडी ओढते बरं. ती बाळाला घेऊन तोंड फिरवते, मग मी ओढते.