गळ्यातला ढावलो

“तिच्या तोंडून स्तुती निघेस्तोवर तिला माहेरी धाडायची न्हाई” — मामाजी हे बोलले ना बाई, तवा मी इथंच बसून भाकरी थापून राहिले होते. त्यांना वाटलं, मी पान्याला गेले. कुडाची भिंत हाय, धूर जातो तिथून शब्दबी येतो. मला बोलतं करायलाच तुमी आलात, ठाव हाय मला. पाळकाची बायको हिंगोलीवरून एवढ्या उन्हात मामाजींच्या सुनेच्या हातचा चहा प्यायला येत न्हाई — न्हाई, रागावले न्हाई, बसा. प्रार्थनेला येळ हाय, डफडं अजून शेकून राहिलेत बाहेर.

मला काय स्तुती समजत न्हाई? दर रविवारी एकेक जन उभं राहतं. सासूपनाच्या मानानं आधी आत्याबाई म्हनतात, प्रभू, तुझी स्तुती, म्हैस व्याली. आमचे हे म्हनतात, स्तुती, जीपचं टायर टिकलं. मग सगळे माह्याकडं बघतात — नवी नवरी, चांगलं घर मिळालं, बोल की. काय बोलू? भाऊ न्यायला आला, तर चहा पाजून वाटंला लावला त्याला. स्तुती, भाऊ आला आन् गेला?

तुमीच म्हनलात स्तोत्रं वाच, तर वाचली. वाटलं, पानोपानी गोडच असंल. कुठलं? एक जन म्हनतो, रडून रडून माझं अंथरून भिजलं. दुसरा म्हनतो, गाळात रुतलो. तिसरा तर देवालाच इचारतो — झोपलास काहून? ह्या घरात मी मामाजींना तसं इचारून बघते कवा — जाऊ द्या. आन् ह्या सगळ्याला म्हनायचं काय, तर स्तुती. मानूस गाळातून निघालाबी न्हाई, आन् तिथूनच म्हनतो, तुझे गुण गाईन. काहून गातो? काम झालं म्हनून? काम कुठं झालं! देव काय तहसिलीतला साहेब हाय, हार घातल्यावर हसनारा? मला वाटतं, आपलं कोनीतरी ऐकून राहिलंय, ही खातरी हाय त्याला, म्हनून गातो. रिकाम्या भिंतीपुढं कोन रडतं? ज्याच्यापुढं खरं रडता येतं, त्याला आपन मोठं म्हनलंच की — तीच स्तुती. चुकत असंल तर सांगा.

खरं सांगू, हे पुस्तकाच्या आधी तांड्यानं शिकवलं मला. तुमी तांड्यातल्या न्हाई, तुमाला ठाव नसंल — आमच्यात पोरगी सासरी निघते तवा ढावलो म्हनते. आईच्या गळ्यात पडून, मग बापाच्या, भावाच्या, शेवटाला गोठ्यातल्या गाईच्याबी. रडायचंच, पन सुरात. आन् त्यात असतं काय? बापाचे गुण. बापू, तुझं घर मोठं, तुझ्या सावलीत वाढले, मग मला काहून काढून लावतोस? — गुण आन् गाऱ्हानं एका दमात. कोनती पोरगी कशी रडली, बाया वरीसभर बोलतात. मला आईनं शेतात निंदता निंदता शिकवला होता. लगनात तिच्या गळ्यात हात टाकले, पहिला सूर काढला — तर मामाजींनी हात वर केला. हे जुनं हाय, आता आपन प्रभूचे, हासत निघायचं. आन् जीप चालू केली. वाईट न्हाईत ते, बाई. दारू सुटली त्यांची ह्याच देवापायी. त्यांना खरंच वाटतं, पोरगी रडली तर देवाला कमीपना येतो. पन तो सूर इथं गळ्यात बसलाय बुचासारखा, त्याच्यावरून दुसरं काय निघंल? एक वाक्य खोटं बोलले तर उद्या डोंगरकड्याला, माहेरी सोडतील मला. लई डाव ओठावर आलं. पन देवापुढंच खोटी पडले, तर रडायची उरलेली जागाबी गेली — मग माहेरी जाऊन तरी काय करू?

वाजलं डफडं. कप राहू द्या तिथंच. न्हाई, माझं मी जाते, हात सोडा — तुमी मागून या. बघा, बसलेत सगळे दाराकडं तोंड करून...

“मामाजी, आज मी बोलते. आधी ते डफडं थांबवा. आन् आत्याबाई — माझी आई न्हाई इथं, तुमी जरा पुढं या, ढावलोला गळा लागतो.”