चौकटीत खुर्ची टाकून बसलेले काका

मला सांग, विश्वास ठेवायचा कुणावर, मोजणाऱ्यावर की मोजून घेणाऱ्यावर?

माझं मुलुंडला हार्डवेअरचं दुकान. खाडीच्या पाहणीचं काम बघणाऱ्या साठे मॅडमना मी प्लास्टिक पाइपच्या चौकोनी चौकटी बनवून दिल्या. चौकट चिखलात टाकायची आणि आतले खेकडे मोजायचे. हौसेनं मीही सोबत गेलो. बघतो तर एका चौकटीत शेजारच्या वस्तीतले काका खुर्ची टाकून बसलेले.

मॅडम म्हणाल्या, "काका, उठा. भरती येतेय, त्याआधी मोजायचंय."

"मोजा ना. झोपड्यांच्या मोजणीच्या वेळी जो जागेवर, त्यालाच नव्या बिल्डिंगीत घर मिळतं."

"अहो, इथे बिल्डिंग नाही होणार. हे खेकड्यांसाठी आहे."

"म्हणजे खेकड्यांना देणार आणि मला नाही?"

पाणी खुर्चीच्या पायांना लागलं. चौकट हलवली असती तर दिवसाचं काम फुकट. मॅडमनी निमूट लिहिलं: खेकडे सात, माणूस एक. ते वाचून घेतल्यावरच काका उठले. म्हणाले, "याची झेरॉक्स द्या. आणि माझं नाव खेकड्यांच्या वर टाका."

उद्यापासून तूही साठे मॅडमकडे मोजणीला जातोयस ना? मग बाबा, हिशोब खरा ठेव. बसलेला असेल, तर माणूसही धर.