विवादी स्वराला आत घेतल्याबाबत

नाव: मार्था शांतवन गायकवाड. वय: ५८ वर्षे. धंदा: व्हायोलिन वाजवणे व शिकवणे. राहणार: गारखेडा, औरंगाबाद. दिनांक ११ डिसेंबर १९९३.

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. आज ठाण्यात समक्ष येऊन, विचारल्यावरून सांगते की,

कॉन्व्हेंटमध्ये असताना सिस्टर आग्नेस यांनी माझ्या हातात व्हायोलिन दिले. रागदारी पुढे शिकले. पूर्वी या शहरात मैफली होत. आता कारखान्यांची उद्घाटने होतात. सनईवाले मिळाले नाहीत की मला बोलावतात आणि साहेबांचे भाषण सुरू झाले की थांबवतात. शिकवणी मात्र चालू आहे. वारा तिकडचा असला की चिकलठाण्याच्या एका कंपनीचा भोंगा ऐकू येतो. तो आमच्या षड्जाच्या फार जवळचा असल्याने मुली त्यावर तारा जुळवतात.

सात वर्षांपासूनची माझी विद्यार्थिनी वच्छला त्याच औद्योगिक वसाहतीत मोटारींच्या कॉइली गुंडाळायचे काम करते. उद्या सकाळी आकाशवाणीवर तिची स्वरपरीक्षा आहे. बिनपगारी रजा काढून ती आज माझ्याकडे केदार राग पक्का करायला आली होती. केदारात मध्यम हा वादी, म्हणजे मुख्य स्वर, आणि कोमल निषाद हा विवादी, म्हणजे त्या रागाच्या घरातला नसलेला स्वर. पण जपून घेतला तर रागाला शोभा येते. म्हणून मी तिला म्हणाले, "विवादी आला तर हाकलू नकोस. हळूच आत घे आणि कोणाला कळायच्या आत मागच्या दाराने सोडून दे."

हे वाक्य शेजारी पुंजाराम यांनी खिडकीतून ऐकले. विद्यापीठाच्या नामांतरावरून सध्या जमावबंदी आहे. मॅडम आंदोलक लपवतात, असे त्यांनी ठाण्यात कळवले.

हवालदार काकासाहेब आले. त्यांनी आधी मागचे दार शोधले. माझ्या घराला मागचे दार नाही. मग त्यांनी वच्छलाला विचारले, "तू नामांतरवादी का विरोधी? इथं वादी कोण हाय?"

ती म्हणाली, "वादी मध्यम, दादा."

"म्हंजी लई जहाल नाय," असे म्हणून त्यांनी 'मध्यम वादी' लिहून घेतले. ती थट्टेने बोलली की परीक्षेच्या धास्तीने, हे मला सांगता येणार नाही.

व्हायोलिन जप्त झाले. पंचनाम्यात 'लाकडी पेटी एक, काठी एक' असे लिहिले होते. ती काठी नाही, व्हायोलिनचा गज आहे, असे मी सांगितल्यावर 'लोखंडी गज एक' अशी दुरुस्ती झाली.

ठाण्यात वच्छलाला बाहेरच्या बाकावर बसवले. काकासाहेब मला म्हणाले, "हिचं आडनाव सांगा मॅडम. पोरगी म्हणती, बाईंना विचारा. आडनाव कळलं की बाजू कळती. मग सोडायचं का ठिवायचं ते बघू."

"शिकवणीत मी आडनाव विचारत नाही."

"सात वर्सांत नाय विचारलं?"

"मला माहीत नाही, असे लिहावे."

"रकाना मोकळा नाय ठिवता येत. साहेब मलाच झापतील."

"मग माझे लिहा."

"गायकवाड? गायकवाड समद्यांत असत्यात. ह्याच्यातनं काय कळायचं?"

"काहीच नाही."

"असं कुठं नाव बदलतं व्हय, मॅडम?"

"शहरात सध्या सगळे तेच विचारताहेत."

काकासाहेबांनी पेन खाली ठेवले. दारातून बाकाकडे पाहिले. वच्छलाची डाव्या हाताची बोटे गुडघ्यावर चालत होती. ती केदार वाजवत होती. त्यांनी पेन उचलून रकाना भरला.

वाद्य व मुलगी मला परत मिळाली.

लिहिलेले सर्व मला मराठीत वाचून दाखवले. 'लोखंडी' हा शब्द माझ्या सांगण्यावरून खोडला आहे. 'वच्छला मार्था गायकवाड' एवढी ओळ मी पुन्हा एकदा वाचायला लावली. ती बरोबर आहे.