गुरुवारची गाजरं

(सकाळचे अकरा. कारखान्याच्या कँटीनमधून नुकताच निवृत्त झालेला आचारी स्वयंपाकघरात ओट्याशी उभा. त्याची बायको खुर्चीत, उजवा हात मांडीवर निपचित.)

आचारी: ...म्हणजे धाकटीचं लग्न झालं, ते वर्ष. तेव्हापासून या घरात गाजर नाही की फरसबी नाही. पिशवी पुढे केली तर भाजीवाली म्हणते, आज सूर्य कुठून उगवला?

बायको: तिला बरं आठवतं.

आचारी: अकरा वर्षं झाली म्हणाली. मला पत्ताच नाही!

बायको: तुम्ही दोन्ही वेळा कँटीनमध्ये जेवून यायचात. तुम्हाला कसा असणार?

आचारी: बरं, ते असू दे. डॉक्टर म्हणालेत, मऊ शिजवलेली भाजी द्या. चार दिवस झाले, माझ्या हातचे दोन घास खातेस आणि ताटली सरकवतेस. आज तू सांगशील तसं करतो.

बायको: तीनशे माणसांना जेवू घालणाऱ्याला मी काय सांगणार?

आचारी: टोमणा मारून झाला असेल तर सुरी कुठंय ते सांग. चार दिवस विळीवर भागवलं.

बायको: डावीकडच्या खणात. आधी शेंगांच्या शिरा काढा.

आचारी: शिरा? फरसबीला शिरा असतात?

बायको: देवा! कालपर्यंत मला काय दोरे चघळायला देत होतात?

आचारी: अगं, कँटीनमध्ये त्या कामाला चार बायका होत्या. माझ्यापुढे यायची ती चिरलेली टोपली.

बायको: तरीच. टोकाला मोडा, खाली ओढा. हां. आता दुसऱ्या बाजूनं. तो डबा कशाला काढताय?

आचारी: खायचा सोडा. चिमूटभर टाकला की शेंग कशी हिरवीगार राहते.

बायको: आणि चिखल होतो. परवाचा चिखल त्याचाच होता वाटतं! ठेवा तो डबा जागेवर.

आचारी: ठेवला, बाई.

बायको: आधी गाजरं करा, त्यांना वेळ लागतो. बोटाएवढी चिरा. थोडं तेल, त्यात ठेचलेला लसूण, मग गाजरं. वरून ताटली झाका आणि ताटलीत पाणी ओता.

आचारी: पाणी वर? कढईत नाही?

बायको: कढईत थेंब नाही. वरच्या पाण्यानं आतली वाफ आतच राहते. त्या वाफेवर शिजतात.

आचारी: हे मला दिसलं नव्हतं.

बायको: काय म्हणालात?

आचारी: काही नाही. आच बारीक ठेवतो.

बायको: ठेवा. पाणी तापलं की समजायचं शिजली. मग ताटली काढायची...

आचारी: ...मीठ घालायचं, आच वाढवायची आणि डाव लावायचा नाही. कडा तांबूस होईस्तोवर हात मागे बांधून उभं राहायचं.

बायको: हे तुम्हाला कुणी सांगितलं?

आचारी: असंच. आचारी आहे मी.

बायको: सुरी कुठंय ते माहीत नाही आणि हे माहीत आहे? हात मागे बांधून उभी मी राहायचे. या ओट्याशी. या चार दिवसांआधी तुम्ही तर या दारातून कधी आत आला नाहीत.

आचारी: आत नाही आलो. दारात उभा होतो. एकदा.

बायको: कधी?

आचारी: थोरली दोन वर्षांची होती तेव्हा. मुख्य आचाऱ्याची जागा रिकामी झाली होती. मोठ्या साहेबांना एक पदार्थ करून दाखवायचा होता. माझ्याकडे कालवण सोडलं तर होतं काय? तू गाजरं करत होतीस. तुझी पाठ होती माझ्याकडे. बघितलं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन तीच केली.

बायको: आणि जागा मिळाली.

आचारी: मिळाली. पुढे तेहतीस वर्षं, दर गुरुवारी, कँटीनच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असायचं, 'आचाऱ्यांची खास गाजरं'. दारापर्यंत रांग लागायची.

बायको: मला एकदाही बोलला नाहीत.

आचारी: कसा बोलणार? बायकोचं बघून केलं म्हटल्यावर हाताखालच्या लोकांनी मान ठेवला असता? मग धाकटीच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात व्याही आले जेवायला. त्याच कारखान्यात मुकादम. एक घास घेतला आणि ओरडले, अरे, ही तर गुरुवारची गाजरं! वाटलं, आता सगळं उघडं पडणार.

बायको: तेव्हा तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?

आचारी: नको ना आता.

बायको: म्हणा.

आचारी: म्हणालो... किती शिकवलं हिला, पण हिच्या हाताला चवच नाही. हे आजाऱ्यांचं जेवण आहे, तुम्ही खाऊ नका.

बायको: आणि ताटल्या उचलून नेल्यात. शेंगांचीसुद्धा. हसत होतात.

आचारी: हसत होतो.

बायको: मला खरं वाटलं हो ते. एवढा मोठा आचारी सांगतोय म्हटल्यावर! काही केलं की चाखायचे, परत चाखायचे. वाटायचं, जिभेतच खोट असेल, मला कळत नसेल. बटाटा उकडून घालायचे सगळ्यांना. त्यात बिघडायला काही नसतं.

आचारी: चुकलं माझं.

बायको: हे तुम्ही आज सांगताय. हा हात उचलवत नाही तेव्हा.

आचारी: मारलं असतंस तरी चाललं असतं.

बायको: कढईकडे बघा. खाली लागतंय.

आचारी: उतरवली. थोडी काळी झाली एका बाजूनं. घालू तोंडात?

बायको: भरवू नका. चमचा द्या इकडे, डाव्या हातात.

आचारी: हळू. गरम आहे. ...कशी आहेत?

बायको: मीठ कमी. बाकी तशीच आहेत.

आचारी: आणखी घे ना. रविवारी धाकटी येतेय. तिच्यासमोर सगळं सांगतो. जावईबापूंसमोरही सांगतो.

बायको: त्यांना काय सांगता? धाकटी तेव्हा आतल्या खोलीत होती, जावई आलेच नव्हते. ऐकलं ते एकट्या व्याह्यांनी. पुढे कधीही आले की दारातच चेष्टा करायचे, विहीणबाई, आज स्वयंपाक तुमचा की त्यांचा? मी म्हणायचे, त्यांचा.

आचारी: मी असायचो तिथंच. ऐकायचो.

बायको: त्यांना सांगायला हवं होतं. ते गेले. मागच्या वर्षी, मे महिन्यात, सोमवारी दुपारी.