दुसरा उंचवटा

— हो, बंदच ठेवा लिफ्ट, अजून दहा मिनिटं. बसा ना, या खुर्चीवर बसा. लिफ्ट बिघडलेली नसताना लिफ्टवाल्याला कुणी बोलावतं का? नाही बोलावत. मी बोलावलं, कारण मी संशोधक, म्हणजे रिकामा. ही काच दिसते? हिच्यावर चकत्या आहेत, केसाच्या जाडीत पन्नास मावतील एवढ्या — चुंबक आहेत, पण वीज वाहू देत नाहीत. तारेच्या या दोन गुंडाळ्यांच्या मध्ये ठेवायच्या, चुंबकाचा जोर हळूहळू वाढवायचा, की पडद्यावरच्या रेघेला उंचवटा येतो. सगळ्यांकडे एकच येतो. माझ्याकडे दोन येतात — म्हणजे शोधच की. उद्या आमच्या बाई, माझ्या मार्गदर्शक, चारचौघांत जाहीर करणार आहेत. फक्त म्हणाल्या, एकदा लिफ्ट बंद ठेवून बघ, एवढं लोखंड वरखाली जातं, त्यानंही रेघ हलते. म्हटलं बघू, आपलं काय जातंय.

बायकोला तर सांगूनच टाकलंय. दोन वर्षं ती एकटी घर ओढतेय आणि मी उंचवटे मोजतोय — सासरे विचारतात, जावईबापू, झालं का मोजून? या वेळी म्हटलं, झालं. हं, सुरू केलं. मी दारात थांबतो, कुणी लिफ्टकडे यायला नको. आला पहिला? आता दुसरा येईल. नाही? नीट बघा हो. सरका जरा, मीच लावतो परत. पहिला आला... इथे मी नेहमी वाकून बघतो, काच सरकली नाही ना, सवयच आहे — हा, आला. बघितलंत? लिफ्ट बंद असून आला.

थांबा. जोर इथेच रोखतो. मी मागे होतो — गेला. पुढे — आला. मागे... हसू नका. नाही, हसा, मीही हसलो असतो. हा पट्टा. पोट सुटलं म्हणून गेल्या वर्षी बायकोनं आणला, लोखंडी बक्कल, चांगलं तळहाताएवढं. वाकलो की त्यानं चुंबकाचा वाढलेला जोर पुन्हा कमी होतो आणि तोच पहिला उंचवटा परत दिसतो. काढून ठेवला, तिकडे लांब. आता वाकतो. काही नाही. सपाट. म्हणजे वर्षभर मी माझं पोटच मोजत होतो.

वाईट वाटतंय हो, फार वाटतंय. बाई ओरडतील, पण ते संपेल. बायकोला काय सांगू — पट्टा छान आहे म्हणून?

जा तुम्ही, करा लिफ्ट चालू. मी नाही येत, जिन्यानं जातो. पँट धरून उतरायला वेळ लागेल, तेवढाच घरी पोचायला उशीर.