काकांच्या गाडीची बॅटरी

हसू नका, ऐका आधी. काका वारल्यापासून त्यांची गाडी अंबरनाथला आमच्या अंगणात बंद पडून होती. मला बदलापूरला मुलाखतीला जायचं होतं, म्हणून मी नवी बॅटरी आणली.

काकू म्हणाली, "आधी त्यांना विचार."

"गेलेल्या माणसाला काय विचारायचं? तू आत जा बघू!"

मी चिडूनच बॉनेट उघडलं, वायरी सोडवल्या आणि जुनी बॅटरी उचलून बाहेर काढली.

तेवढ्यात हॉर्न वाजला. जरा थांबून पुन्हा वाजला.

काकू फाटक उघडायला धावत आली. "अगं, घरी आले की हे अगदी असाच वाजवायचे! कसा जमला तुला?"

"काकू, बॅटरी माझ्या हातात आहे."

तिने रिकाम्या गाडीकडे पाहिलं आणि डोक्यावरून पदर घेतला.

मुलाखतीला मी रिक्षाने गेले.